हातात खराटा, मनात माणूस

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या घरांत नवी केरसुणी येते. तिला आपण लक्ष्मी म्हणतो, हळदकुंकू वाहतो, एरवीही चुकून पाय लागला तर हात जोडतो. मुलूख बदलला, पिढ्या उलटल्या, तरी हा रिवाज आपल्या घरांतून सुटलेला नाही. पण केरसुणीला नमस्कार करणारे तेच घर रोज सकाळी रस्ता झाडायला येणाऱ्या माणसाचे नाव विचारत नाही. त्याला पाणी द्यायची वेळ आली की निराळा पेला शोधते. मुलगा अभ्यास करत नसेल तर मोठेपणी झाडू मारावा लागेल, असा दम त्याच घरात दिला जातो. दाराशी झाडणारा माणूस तो दम ऐकत असतो, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

वस्तूची पूजा करायची आणि ती हाती धरणाऱ्याला कमी लेखायचे, ही आपली जुनी विसंगती. ती एका निरक्षर माणसाने पन्नास वर्षे गावोगाव फिरून लोकांच्या डोळ्यांपुढे मांडली. त्या माणसाला महाराष्ट्र संत गाडगेबाबा म्हणून ओळखतो. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचे खापर, हातात खराटा असे त्यांचे चित्र शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून टांगलेले असते. चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे, परंतु त्या हातातल्या खराट्याचा अर्थ केवळ स्वच्छता एवढाच घेतला जातो. तो त्याहून मोठा आहे असे आम्हांस वाटते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी बाबांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी झाला. जात परीट. गावाचे मळके कपडे नदीवर न्यायचे, धुऊन वाळवून घरोघरी परत द्यायचे, हा त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. साऱ्या गावाने स्वच्छ कपड्यांत मिरवावे म्हणून जे राबत, त्यांना गावाच्या पंगतीत मात्र खालची जागा असे. डेबूजी अशा घरात जन्मला, ही गोष्ट पुढचे सगळे आयुष्य समजून घेण्यासाठी लक्षात ठेवावी लागते.

झिंगराजींना दारूचे व्यसन लागले होते. त्या काळी देवकार्य म्हटले की बकरे-कोंबडे आणि दारू आलीच. ते नाकारणाऱ्याला जातभाई नावे ठेवत. या रीतीने अनेक संसार बुडाले, त्यांत हाही बुडाला. १८८४ साली झिंगराजी गेले तेव्हा डेबूजी आठ वर्षांचा होता. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या माहेरगावी आल्या. पुढे दारू आणि देवापुढचा पशुबळी यांच्याविरुद्ध बाबा इतक्या पोटतिडकीने का बोलत, याचे उत्तर या बालपणात आहे.

आजोळी डेबूजीकडे गुरे राखण्याचे काम आले. गुराखी म्हणजे घरातला सर्वांत खालचा हुद्दा. पण पोराने ते काम मनापासून उचलले. जनावरे नदीवर नेऊन घासून धुवावीत, गोठा स्वच्छ ठेवावा, संध्याकाळी सवंगड्यांना जमवून भजन म्हणावे, असा त्याचा क्रम होता. मोठा झाल्यावर तो मामाच्या शेतात नांगर धरू लागला. अंगाने धिप्पाड, कष्टाला वाघ, पोहण्यात पटाईत असा हा तरुण पंचक्रोशीत उत्तम शेतकरी म्हणून नावाजला गेला.

मामा चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात सापडले. कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. फेडलेले किती आणि उरलेले किती याचा हिशेब सावकाराच्या वहीत आणि सावकाराच्याच तोंडी. शेवटी चांगली जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. डेबूजी स्वतः निरक्षर होता. अक्षर न कळण्याची किंमत काय असते, ते त्याने घरातच पाहिले. पुढे आपल्या कीर्तनांतून बाबा लोकांना कळवळून सांगत की घरातली जेवणाची ताटे विकावी लागली तरी विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला. ही तळमळ या बुडालेल्या जमिनीतून उगवली होती.

१८९२ साली डेबूजीचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंनी नेहमीच्या जेवणाची अपेक्षा धरली होती. डेबूजीने बकरे कापले नाही, दारू आणली नाही. गोडाचे जेवण घातले. त्या काळी जातपंचायतीच्या विरोधात जाऊन असे वागणे सोपे नव्हते. डेबूजीच्या बंडाची सुरुवात अशी जेवणाच्या पंगतीत झाली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. मागे म्हातारी आई होती, पत्नी होती, मुले होती. बाबांचे चरित्र सांगताना हा भाग घाईने ओलांडू नये. जगावर माया करायला निघालेल्या माणसाच्या मायेची किंमत त्याच्या घराने भरली. कुंताबाईंनी आणि सखुबाईंनी कष्टांत दिवस काढले. पुढे लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांतला एक पैसा बाबांनी घरच्यांच्या वाट्याला जाऊ दिला नाही. कुंताबाई झोपडीतच राहिल्या. त्यांचे नाव आज कोणत्या इमारतीवर ठळकपणे दिसत नाही, तरीही बाबांच्या कामाच्या पायात त्यांचाही दगड आहे.

घर सोडल्यावर बाबा पायी भटकले. अंगावर ठिगळांचे पांघरूण, कानात कवडी, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर. तेच खापर पाणी प्यायला, तेच भाकरी मागायला. यावरूनच लोक गाडगेबुवा, मडकेबुवा, खापरेबुवा, गोधडेबुवा, चापरेबुवा अशी नावे ठेवीत. बाबांना कोणत्याच नावाचे सोयरसुतक नव्हते. कोणी पाया पडायला वाकला तर ते चिडत, प्रसंगी काठी उगारत. आपला कोणी गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते स्पष्ट सांगत.

नव्या गावात शिरले की बाबा कोणाच्या ओसरीवर जाऊन बसत नसत. थेट खराटा हाती घेत आणि रस्ता झाडायला लागत. गटारे मोकळी करीत, पाणवठ्याभोवतीची घाण उचलीत, उकिरडे सारखे करीत. लोक आधी हसत, वेडा समजत, पोरे मागे लागत. बाबा झाडतच राहत. दुपार झाली की एखाद्या दारी भाकरी मागत. फुकट खायचे नाही हा नेम असल्यामुळे कधी लाकडे फोडून देत, कधी शेतात हात लावीत. मिळालेली चटणी-भाकरी खापरात घेऊन दूर झाडाखाली खात. तोवर गावात कुजबूज सुरू होई की हा वेडा गाडगेबुवाच असावा आणि रात्री त्याचे कीर्तन आहे. संध्याकाळपर्यंत निम्मे गाव खराटे-घमेली घेऊन बाबांच्या बरोबर उभे असे. ज्या चौकात दिवसा झाडलेले, त्याच चौकात रात्री कीर्तन होई.

ही पद्धत जरा निरखून पाहू. भाषण करून लोकांना झाडायला लावणारे पुष्कळ असतात. बाबांनी आधी झाडले, मग सांगितले. गावात आल्याबरोबर त्यांना दिसे ती काट्यांतून अनवाणी चालणारी बाई, डबक्यात खेळणारे पोर, घाणीतून पाणी नेणारी म्हातारी. त्यांच्यासाठी ती वाट मोकळी व्हायला हवी होती. एखादी जागा कोणासाठी झाडायची आहे हे झाडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असले, की त्या कामाला अर्थ येतो. काम तेच, खराटा तोच, कचराही तोच. फक्त त्याच्या पलीकडे एक माणूस उभा राहतो. बाबांच्या चरित्रातला दयाळूपणा असा आहे. त्यात गहिवर कमी आणि हालचाल जास्त.

त्यांचे पहिले मोठे काम याच दृष्टीने पाहावे. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीची दरड चिकण मातीची. ओल्या पायांनी वर चढताना बायका-म्हातारी माणसे घसरून पडत. देवाला जाणाऱ्या हजारो लोकांनी ते वर्षानुवर्षे पाहिले आणि ज्याचे त्याचे नशीब म्हणून सोडून दिले. बाबांनी तिथे हात घातला. आधी माणसांना आधार देणे, मग वाट नीट करणे आणि अखेरीस लोकांकडून मदत गोळा करून दगडी घाट बांधणे, असे ते काम वाढत गेले. त्याच यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना, रोग्यांना बसवून पोटभर जेवू घालण्याची प्रथा त्यांनी पाडली. महारोगी माणसाच्या जवळ जायला सख्खे नातलग कचरत, त्या काळात बाबा त्यांना आपल्या हातांनी न्हाऊ घालीत, धडके कपडे देत आणि पंगतीत बसवीत. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावाचे कपडे धुतले, त्या घराण्यातल्या या माणसाने महारोग्यांच्या जखमा धुतल्या.

नंतर पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरला गोरक्षणाचे काम सुरू झाले. पंढरीला बाबा वारीच्या दिवसांत नेमाने जात, मात्र देवळात शिरण्याऐवजी चंद्रभागेचे वाळवंट झाडत. लाखो माणसे जिथे उतरतात तिथे सकाळी काय अवस्था असते, हे वारीला गेलेल्यांना सांगायला नको. तिथेच त्यांनी पाहिले की अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरीत रात्र काढायला छप्पर नाही. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. सानेगुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले. ही धर्मशाळा त्याच्या कितीतरी वर्षे आधीची आहे.

धर्मशाळांच्या कामात बाबा स्वतः पाट्या उचलत, गवंड्यांच्या हाताखाली राबत. पैशाला ते हात लावीत नसत, पण हिशेब काटेकोर असे. इमारत पूर्ण झाली की तिथे गरिबांनी स्वयंपाक करावा म्हणून भांडीकुंडी, निजायला अंथरूण अशी सोय करीत. स्वतः मात्र आपण बांधलेल्या धर्मशाळेत सुखाने राहिले नाहीत. भाकरी बाहेरून मागून आणत आणि बाहेरच कुठेतरी अंग टेकत. मुंबईत जे. जे. रुग्णालयात खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक फुटपाथवर निजताना त्यांनी पाहिले आणि तिथेही धर्मशाळेची सोय झाली. रुग्णाला डॉक्टर पाहतो. त्याच्या उशाशी बसलेल्या म्हाताऱ्या बापाने रात्री कुठे निजायचे, हा प्रश्न बाबांनी विचारला. त्यांच्या पश्चात दादरला उभ्या राहिलेल्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारी दूरदूरची गरीब कुटुंबे आसरा घेतात.

रात्रीच्या कीर्तनाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. बाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेला संवाद असे. वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारायचे, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे आणि त्या उत्तरातूनच त्यांची चूक त्यांना दाखवायची. कर्ज काढून लग्न करू नका, देवाला बोकड कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शिकवा. विषय ठरलेले. मधूनमधून गोपाळाच्या नामाचा गजर होई आणि हजारो माणसे टाळ्यांच्या ठेक्यात डोलत. कोकणात खारेपाटणला असेच कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता उरलेला मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. याला कोणी वैराग्य म्हणतात. आम्हांला त्यात समोर बसलेल्या, दिवसभर राबून मैलोगणती चालत आलेल्या माणसांविषयीची आच अधिक दिसते.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळले पाहिजे. बाबांचा खराटा दाखवून पुष्कळदा असे सांगितले जाते की पाहा, झाडणे हे किती थोर काम आहे, तेव्हा झाडणाऱ्याने समाधानाने झाडत राहावे. हा बाबांवर अन्याय आहे. त्यांनी खराटा स्वखुशीने उचलला होता. आपल्या देशात लाखो माणसांच्या डोक्यावर तो जन्माने ठेवला गेला. या दोन खराट्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाबांना ते नेमके कळत होते. म्हणून ज्यांच्यावर हे काम लादले गेले त्यांना त्यांनी कामाचे गोडवे ऐकवले नाहीत. त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली, वसतिगृहांना हात दिला, शाळेची वाट दाखवली. आणि ज्यांनी कधी खराटा धरला नव्हता त्या वरच्या आळीतल्या माणसांच्या हातात तो दिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचे जुळले ते इथेच. एक परदेशांत शिकून आलेले विद्वान, दुसरे अक्षरशत्रू. बाबासाहेब साधू-बुवांच्या नादी लागणारे नव्हते, तरी गाडगेबाबांविषयी त्यांना अपार आदर होता. बाबासाहेब देशाचे कायदामंत्री असताना बाबा मुंबईत आजारी पडले. तेव्हा ते त्यांना भेटायला गेले, सोबत घोंगड्या घेऊन गेले आणि कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या ठेवून घेतल्या, अशी आठवण सांगतात. १९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची जागा मुलांच्या शिक्षणाच्या कामी दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही त्यांचा असाच स्नेह होता. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कराडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले. ज्याला स्वतःची सही करता येत नव्हती त्याच्या हयातीत त्याच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले.

कष्टाच्या कामाला प्रतिष्ठा देण्याचा हा विचार आपल्या दोन्ही मुलुखांत जुना आहे, हेही आपण कर्नाटकात राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे गोरोबा माती तुडवीत होते, सावतोबा मळा शिंपीत होते, सेना महाराज हजामत करीत होते आणि जनाबाई दळण-कांडण करीत होत्या. त्याहूनही आधी, बाराव्या शतकात, इथल्या बसवेश्वरांनी कायकाचा विचार मांडला. श्रमाचे काम हीच पूजा आणि त्यातून आलेले सर्वांत वाटून घेणे हा दासोह. त्यांच्या शरणांमध्ये दोर वळणारे नुलिय चंदय्या होते आणि कपडे धुणारे मडिवाळ माचिदेवही होते. माचिदेवांची जयंती कर्नाटक सरकार साजरी करते. बाराव्या शतकातला कल्याणचा मडिवाळ आणि विसाव्या शतकातला वऱ्हाडचा परीट एकाच वाटेवरचे वाटसरू आहेत. घरात मराठी, बाजारात कोंकणी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दोघेही आपलेच वाटायला हवेत.

बाजारकुणंग हे आमचे गाव जोयडा तालुक्याच्या रानात आहे. इथून जवळच, डिग्गीच्या परिसरात, काळी नदी उगम पावते. घरे विखुरलेली, मधे जंगल, आणि पाऊस एकदा लागला की मृगापासून गणपतीपर्यंत उसंत देत नाही. अशा मुलुखात लहान म्हटल्या जाणाऱ्या नोकऱ्यांचे मोल लगेच कळते. वादळात तार तुटली तर लाइनमन किती मैल चिखल तुडवून येतो त्यावर गावाचा उजेड अवलंबून. एसटीचा कंडक्टर पलीकडच्या पायवाटेवर हात हलवणाऱ्या म्हातारीसाठी दोन मिनिटे गाडी थांबवतो की बेल मारतो, त्यावर तिचा दवाखाना अवलंबून. आशाताई ओढा ओलांडून बाळंतिणीच्या घरी जाते. अंगणवाडीची मदतनीस रडणाऱ्या पोराचे नाक पुसते. शाळेत स्वयंपाक करणारी बाई कोण उपाशी आले आहे हे चेहऱ्यावरून ओळखून त्याच्या ताटात अर्धी पळी जास्त वाढते. यांतले काहीही नोकरीच्या नियमावलीत लिहिलेले नाही. पण ते केले नाही तर उरलेली नोकरी म्हणजे नुसती हजेरी.

आम्ही सरकारी नोकरीत वीसएक वर्षे काढली. हुद्दा मोठा नाही, शिक्षण पदविकेपुरते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसली. दूरच्या वाडीवरून दाखल्यासाठी आलेला माणूस आधी पाहतो तो शिपायाचा चेहरा. शिपायाने बसायला सांगितले, पाणी दिले, कोणत्या टेबलाकडे जायचे ते नीट दाखवले, तर त्याला सरकार आपले वाटते. शिपाई खेकसला तर वरच्या साहेबाने कितीही गोड बोलून उपयोग होत नाही. सरकारचे तोंड त्या शिपायाच्या खुर्चीवर असते. शिपायालाही आपल्या कामाचे हे वजन कळले की त्याची मान ताठ होते. आणि ते कळावे यासाठी आधी त्याच्याशी कोणीतरी माणसासारखे वागावे लागते. जो स्वतः दिवसभर अरे-तुरे ऐकतो त्याच्याकडून दुसऱ्याला अहो-जाहोची अपेक्षा कशी धरायची? दयाळूपणा वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडे वाहावा लागतो. बाबांनी महारोग्याला न्हाऊ घातले आणि श्रीमंतालाही घमेले उचलायला लावले, यामागे हेच व्यवहारज्ञान होते.

बाबांनी उभारलेल्या संस्थांचा कारभार पुढे चालावा म्हणून १९५२ साली गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्या कारभारात आपल्या घराण्याचा हक्क नाही, हे बाबांनी आधीच स्पष्ट केले होते. शरीर थकले तरी फिरणे थांबले नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे त्यांचे कीर्तन झाले, ते शेवटचे ठरले. त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ऐंशी वर्षांच्या माणसाचा तो खडा आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी जरूर ऐकावा. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर वाटेवर राहिलेल्या माणसाला मरणही वाटेवरच आले. अमरावतीत त्यांची समाधी आहे आणि तिथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले आहे. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या गावांनी त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा केली आणि अनेक गावांनी वर्षानुवर्षांचे उकिरडे हलवले.

बाबांच्या मागे मठ नाही, गादी नाही, ग्रंथही नाही. मागे राहिली ती काम करण्याची एक रीत. ती आपण आपल्या उत्सवात पाळू शकतो आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. विसर्जनाची मिरवणूक निघून गेल्यावर मंडपात काय उरते, ते आपणांस ठाऊक आहे. चुरमुरे, पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, फुटलेल्या नारळांच्या करवंट्या, भिजलेले निर्माल्य. दहा दिवस आरतीला पुढे असणारे आपण त्या रात्री घरी जाऊन निजतो आणि सकाळी ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची माणसे ते उचलतात. यंदा दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी मुलाबाळांसह खराटे घेऊन तिथे यावे, अशी आमची सूचना आहे. सफाईच्या माणसांना त्या दिवशी काम कमी पडावे आणि आपल्याबरोबर बसून चहा-प्रसाद घ्यायला वेळ मिळावा. पेले सर्वांचे एकसारखे असावेत. स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापतो तिच्याखाली मंडप बांधणाऱ्यांची, आचाऱ्यांची, भांडी घासणाऱ्या बायकांची आणि झाडणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीने छापावीत. त्यांची मजुरी उत्सव संपायच्या आत हातात पडावी. नावाने हाक आणि वेळेवर मजुरी या दोन्ही गोष्टी मिळून मान होतो. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

आणि मुलांना तो झाडूचा दम देणे आपण बंद करावे. त्याऐवजी त्यांना बाबांची गोष्ट सांगावी. शिकायचे ते झाडू टळावा म्हणून नव्हे, तर शिकल्याने कोणी आपल्याला फसवू शकत नाही म्हणून. आणि झाडायचे ते शिक्षण कमी पडले म्हणून नव्हे, तर आपल्या मागून त्या वाटेने कोणीतरी अनवाणी येणार आहे म्हणून. बाबांनी आयुष्यभर या दोन्ही गोष्टी एकाच कीर्तनात सांगितल्या. आपल्या घरांतही त्या एकत्रच सांगितल्या जाव्यात, एवढीच विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना.